तागडी पेठेतली गर्दी

सांगलीत फ्लेक्सवर माणसाचा चेहरा दोनच कारणांनी लागतो. एक तर त्याचा वाढदिवस असतो, नाहीतर तेरावा. तिसरं कारण सम्मेदनं शोधून काढलं आणि सुरुवातीला त्याला त्याचा अभिमानही वाटला.

सम्मेद कुंडलचा. पुण्यात जाऊन नगररचना शिकला आणि नोकरीला सांगलीत परत आला. पुण्याहून परत येणारा पोरगा तिथं जमलं नाही म्हणूनच येतो, असा गावात समज असल्यामुळे त्याला कुणी काही विचारत नसे. विश्रामबागेत एका खासगी ऑफिसात तो शहराचे नकाशे आणि आराखडे करायचा. जैनाचं घर, सूर्य मावळायच्या आत जेवण. त्यामुळं दिवस कलला की तो हातातलं काम टाकून गाडीला किक मारायचा. ऑफिसात त्याला सगळे ‘सौरऊर्जा’ म्हणत.

त्याच्याकडं काम आलं होतं तागडी पेठेचं. नदीच्या घाटाकडून वर येणारी एक लांब गल्ली. खाली दुकान, वर घर. एके काळी हळद आणि गूळ इथं तोलला जायचा, म्हणून तागडी. मग बाजार मार्केट यार्डात गेला आणि त्यानंतर पूर आले. आईबाप भिंतीवर पोराच्या उंचीच्या रेघा मारतात, तशा पेठेतल्या भिंतींवर कृष्णामाईच्या उंचीच्या रेघा होत्या. पोरगी चांगलीच वाढत होती. पेठेतली तरणी माणसं पुण्याला, मुंबईला, मिलिटरीत गेली. राहिली ती चार-दोन दारं. दुपारी कुणी अंगणात पाणी मारलं की फरशीतून अजून हळदीचा वास यायचा. घ्यायला नाक मात्र नसायचं.

पालिकेपुढं दोन वाटा होत्या. एक, पेठेची जोती उंच करायची, घाटाचा रस्ता बांधायचा, दुकानं परत बसवायची. दुसरी, पेठ राहण्याजोगी नाही असं ठरवून उरलेल्या म्हाताऱ्यांना मिरज रोडच्या पलीकडं ब्लॉकमध्ये हलवायचं. शिफारस मानसिंग इंजिनिअरच्या हातात होती. मानसिंग म्हसवडचा. माणगंगेच्या काठचा माणूस, त्याला पाणी नसलेल्या नदीची सवय. कृष्णेला पूर आला की त्याला ती उधळपट्टी वाटायची.

“सम्मेद, गड्या,” तो म्हणाला, “आमच्या माणात गावंच्या गावं मुंबईला गेल्यात. कुलपं बघून मला काय वाटत न्हाई. पण पालिका मोकळ्या गल्लीत पैसा घालत न्हाई. तू मला गर्दी दाव.”

म्हणून सम्मेदनं चित्र केलं. उद्याची तागडी पेठ. हे चित्र संगणकावर करतात आणि त्यात फिरणारी माणसं तयार कापलेली मिळतात. ती सगळी परदेशी असतात. कॉफीचा कप घेतलेली गोरी बाई, कुत्रा फिरवणारा टकल्या, धावणारी सोनेरी केसांची मुलगी. सम्मेदनं ती हळदीच्या दुकानांपुढं पेरली आणि चित्र पेठेत दाखवायला नेलं.

मनुबाईनं ते लांबून आणि जवळून बघितलं. पेठेत चालू असलेलं एकमेव दुकान तिचं, भडंगाचं. लसूण तळून, हळद-तिखट घालून ती एवढंसं भडंग परतायची. गिऱ्हाईक नसलं तरी परतायची, कारण मग पेठेत कुणीतरी आहे असं वाटायचं.

“ही बाई कुणाकडं आलीया?” तिनं विचारलं. मग कुत्र्यावर बोट ठेवलं. “कुत्र्याला साखळी हाय आन पोरगी मोकाट. बरं. ह्यातलं आपलं कोण हाय, बाळा?”

सम्मेदनं मोबाइल काढला. त्यानं पेठेतल्या सगळ्यांचे फोटो काढले. सगळे म्हणजे फारच थोडे, आणि त्यातले बरेच बसलेले. गर्दी व्हावी म्हणून त्यानं एकेकाला चार-पाच ठिकाणी चिकटवलं. एका कोपऱ्यात मनुबाई मनुबाईकडनंच भडंग विकत घेत होती. सम्मेद हे दाखवून हसला. मनुबाईही हसली. मग म्हणाली, “पाच जागी मीच. आन पाचीकडं एकलीच.”

तेव्हा ज्ञानू पुढं झाला. ज्ञानूचा फोटो स्टुडिओ पेठेच्या मधोमध होता. धंदा मोबाइलनं खाल्ला, खालचं सामान पुरानं नेलं, पण जुने फोटो वर माळ्यावर कोरडे राहिले होते. पेठेतला प्रत्येक पोरगा गाव सोडायच्या आदल्या दिवशी ज्ञानूकडं उभा फोटो काढून जायचा. भरतीला निघालेला असो की नोकरीला. आईबापाला मागं ठेवायला. तशी रीतच होती.

सगळ्या फोटोंत पोझ एकच. मागं रंगवलेला राजवाडा, बाजूला उंच स्टँडवर पितळी फुलदाणी, तिच्यात प्लॅस्टिकचे गुलाब. उभ्या फोटोत हातांचं काय करायचं हा माणसाला पडलेला जुना प्रश्न आहे. ज्ञानूनं तो फुलदाणीनं सोडवला होता. एक हात तिच्या काठावर ठेवायचा. “समोर बघ. हलायचं न्हाई,” एवढं म्हणून तो काळ्या कापडाआड जायचा.

सम्मेदनं ते फोटो संगणकात घेतले. राजवाडा कापला, फुलदाणी कापली, माणसं तेवढी ठेवली. हात हवेत राहिले. सुरुवातीला त्यानं मन लावून एकाचा हात सायकलच्या सीटवर नेला, एकाचा कठड्यावर. पुढं कंटाळला. फ्लेक्सवर हात कोण बघतंय?

मनुबाईचा जयराजही त्यात होता. पुण्याला निघतानाचा. चौकटीचा शर्ट, डोक्यावर दाट केस, पोट नावाला नाही. आता तो चाळिशी ओलांडलेला, पुण्यात कंपनीत मोठ्या जागेवर होता. सणावाराला फोन करायचा, महापुरानंतर मात्र आला नव्हता. मनुबाईनं एवढंच सांगितलं, “दुकानाम्होरं उभा कर. लय लांब नको.”

निघताना ज्ञानूनं सम्मेदला धरलं. सगळ्यांचं घेतलंस, तुझंही घे, म्हणाला. माळ्यावरनं जुना कॅमेरा उतरवला, फुलदाणी झटकली. सम्मेद पिवळ्या टी-शर्टात उभा राहिला, हात फुलदाणीच्या काठावर. पितळ गार होतं आणि गुलाबाची तार मनगटाला टोचत होती.

“समोर बघ. हलायचं न्हाई.”

सम्मेदला एक खोड होती. प्रत्येक चित्रात तो कुठंतरी स्वतःला घालायचा. मागं एका बसस्टँडच्या आराखड्यात तो मुतारीच्या रांगेत शेवटी उभा होता आणि ते चित्र तसंच मंजूर झालं होतं. इथं त्यानं स्वतःला अगदी खालच्या कोपऱ्यात ठेवलं. हात हवेत.

फ्लेक्स पेठेच्या तोंडाशी नाक्यावर लागला, दोन दारं आडवी मावतील एवढा. खाली सम्मेदचा मोबाइल नंबर. म्हातारी माणसं काठ्या टेकत आली आणि बोटं लावून एकेकाला नावानं ओळखत राहिली. बराच वेळ कुणी घरी गेलं नाही.

त्यानंतर पहिली गोष्ट झाली ती इतकी साधी की सम्मेदला तिचा आनंदच झाला. मनुबाईनं मोठी कढई काढली.

दुसऱ्या खेपेला तो जोत्यांची मापं घ्यायला भर दुपारी गेला, तर एका बंद शटरपुढं एक जण उभा होता. बेलबॉटम, रुंद कॉलर. एक हात कमरेच्या वर हवेत धरलेला, पंजा पालथा. खांदा धरला असेल बिचाऱ्याचा, असं सम्मेदला वाटलं. त्यानं मान हलवली, त्या माणसानंही हलवली आणि तो घाटाकडं निघून गेला. काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना. संध्याकाळी कुंडलला ताटावर बसल्यावर, भाकरीचा तुकडा मोडताना ते ध्यानात आलं. माणूस लांब लांब गेला, लहान लहान झाला. पण त्याचं तोंड शेवटपर्यंत सम्मेदकडंच होतं.

आई म्हणाली, जेव, सूर्य चाललाय.

मग शटरं उघडल्याचे आवाज यायला लागले. हळदीचा वास आता पाणी न मारताही यायचा, नव्या हळदीचा, डोळ्यात जाणारा. माणसं वाढली. बोलत नसत. कुणी दारात, कुणी कट्ट्याशी, प्रत्येकाचा एक हात हवेत ठेवलेला. सम्मेद शास्त्र शिकलेला माणूस. त्यानं विचार केला, जुनी माणसं फ्लेक्स बघून भेटीला येत असणार, आणि पेठेत खांद्याची साथ असणार. ओल फार आहे. दोन्ही खुलासे त्याला पटले नाहीत, पण दुसरे नव्हते. पाठ मात्र त्यानं एकाचीही बघितली नाही.

ज्ञानूला त्यात नवल वाटत नव्हतं. “बोर्ड लावल्यावर येत्यातच की माणसं,” तो म्हणाला. मग जरा रागानं, “तू मगाशी घाटावर हुतास. हाक मारली तर ओ दिली न्हाईस.”

सम्मेद मगाशी घाटावर नव्हता. मगाशी तो ऑफिसात होता.

मनुबाईच्या दुकानापुढं चौकटीच्या शर्टातला एक पोरगा उभा असायचा. दाट केस. त्याच्या हवेतल्या हाताखाली तिनं स्टूल ठेवलं होतं आणि स्टुलावर दाण्याची बरणी, हाताला बरोबर पोहोचेल अशी. अवघडतो त्याचा हात, ती म्हणाली. भडंग परतता परतता ती त्याच्याशी बोलायची. नदीचं पाणी, ज्ञानूचा खोकला, लसणाचा भाव. चेहरा असा निवळला होता तिचा की सम्मेदला काही विचारायची लाज वाटली. तरी त्यानं विचारलं, हा बोलतो का.

“आधी तरी कुठं बोलत हुता?” मनुबाई म्हणाली.

मानसिंगच्या पाहणीचा दिवस ठरला आणि त्याच आठवड्यात खरा जयराज आला.

सम्मेद तेव्हा नाक्यावरच होता. पांढरी गाडी थांबली, लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून टक्कल पडलेला माणूस उतरला. फ्लेक्सचा फोटो त्याच्यापर्यंत पोहोचला होता. स्वतःला चित्रात शोधून तो हसला, मोबाइल वर धरून त्याच्यासोबत फोटो काढला. केसांना तरी सांभाळून ठेवलं पेठेनं, असं काहीतरी सम्मेदला म्हणाला. चांगला माणूस वाटला. आईला घेऊन जायला आलोय, म्हणाला. किती वर्षं म्हणत होतो, आता नेतोच. मग दोघं दुकानाकडं चालत गेले.

चौकटीच्या शर्टातला पोरगा स्टुलाजवळ उभा होता. जयराजनं त्याच्याकडं बघितलं नाही. बघायचं टाळलं असंही म्हणता येईल. त्यानं आईच्या पुढ्यात बॅग ठेवली.

मनुबाईनं डोळे बारीक करून बघितलं. मग कागदाचा कोन वळून त्यात गरम भडंग भरलं आणि पुढं केलं.

“घ्या. आवं, घ्या की,” ती म्हणाली. “कुणीकडचं म्हणायचं तुमी?”

आवाजात राग नव्हता, नाटक नव्हतं. लांबच्या पाहुण्याला विचारावं तसं तिनं विचारलं. जयराज हसला, मग हसायचा थांबला. “आई,” एवढंच म्हणाला.

दुसऱ्याच्या घरातलं रडू बघू नये म्हणून सम्मेदनं तोंड फिरवलं. परत बघितलं तेव्हा जयराज नव्हता. कोन कट्ट्यावर होता, भडंगातनं वाफ निघत होती. गाडीकडं गेला असेल, सम्मेदनं ठरवलं. सूर्य कलला होता. तोही निघाला.

पांढरी गाडी दुसऱ्या दिवशीही नाक्यावर होती. तिसऱ्या दिवशी तिच्या काचेवर धूळ बसली, आणि धुळीत कुणीतरी बोटानं बदाम काढला.

पाहणीच्या दिवशी सकाळी सम्मेदला फोन आला. बाई पुण्याहून बोलत होत्या. नाव शिवांजली, जयराजची बायको. नवऱ्यानं पाठवलेल्या फोटोत फ्लेक्स होता, फ्लेक्सवर नंबर होता. जयराजचा फोन लागत नाही, म्हणाल्या. त्या शांत बोलत होत्या, आणि तेच ऐकवत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, “शेवटचं तुम्ही त्यांना कुठं पाहिलंत?”

सम्मेद थेट नाक्यावर गेला आणि फ्लेक्ससमोर उभा राहिला.

चित्रात मनुबाईच्या दुकानापुढं दाट केसांचा पोरगा नव्हता. तिथं टक्कल पडलेला माणूस होता, खांद्याला लॅपटॉपची बॅग. समोर बघत होता. त्याचा हात हवेत नव्हता. हाताखाली पितळी फुलदाणी होती, तिच्यात प्लॅस्टिकचे गुलाब.

सम्मेदनं ऑफिसला फोन लावून मूळ चित्र उघडायला लावलं. तिकडं चौकटीचा शर्ट होता. फुलदाणी कुठंच नव्हती.

त्यानं शेजारच्या वायरमनची शिडी आणली, कटर काढला. पहिली दोरी कापणार, तेवढ्यात खालून लसणाचा वास आला.

“काढायला लागलास व्हय?” मनुबाई खाली उभी होती.

“मावशी, ह्यात जयराज आहे. खरा. परवा आलेला.”

ती फ्लेक्सजवळ गेली. बराच वेळ बघत राहिली. टक्कल, पोट, डोळ्यांखालच्या पिशव्या. मग अगदी हळू म्हणाली, “किती थकलाय रं. मला वळखूच आला न्हाई.”

सम्मेदनं कटर दोरीला लावला.

“आज साहेब येनार,” ती म्हणाली. “पेठ मोकळी दिसली तर आमाला उचलतील. मग ह्यो बाहेर आला तरी येनार कुठं? घर पायजे का नको माघारी यायला?” तिनं डोळ्याला पदर लावला. “साहेब बघून जाऊ दे. मग दोघं मिळून काढू. विळी घिऊन येते मी.”

सम्मेद शिडीवरून उतरला. आपण कुणाच्या बाजूनं उतरलो, हे त्याला नीट सांगता आलं नसतं.

मानसिंग आला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. पेठ भरली होती. प्रत्येक दारात माणूस, प्रत्येक कट्ट्याला माणूस, सगळे समोर बघत. मानसिंगनं गॉगल काढला. त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जणू म्हसवडला उतरल्यावर त्याला एकदम सगळं गाव घरी सापडलं असावं.

“गड्या,” तो म्हणाला, “तू खरंच आणलीस की रं गर्दी. ऱ्हाईल पेठ. मी लिवतो.”

एवढं बोलून तो घाट बघायला पुढं निघाला. सम्मेदला हायसं वाटलं. त्याला एक विनोद सुचला, माणगंगेचा आणि कृष्णेचा, की दोघींचं लग्नच लावून दिलं तर पाण्याची वाटणी आपोआप होईल. मानसिंगला गाठून सांगावा म्हणून तो पाऊल उचलायला गेला.

पाऊल उचललं गेलं नाही.

गल्लीत मानसिंग मोठ्यानं हसला. “दोघींचं लगीन,” तो म्हणत होता, “लय भारी, गड्या, लय भारी.”

मानसिंगची घामेजलेली पाठ घाटाकडं चालली होती. तिच्या शेजारनं पिवळा टी-शर्ट चालला होता. लांब लांब जात होता, लहान लहान होत होता. आणि त्याचं तोंड सम्मेदकडं होतं.

मनुबाई विळी घेऊन आली. बोलल्याप्रमाणं आली. शिडीपाशी थांबून तिनं इकडं-तिकडं बघितलं.

“सम्मेद,” तिनं हाक मारली. “बाळा, कुठं गेलास रं?”

मग तिची नजर खालच्या कोपऱ्यात आली आणि तिथंच राहिली.

विळी तिनं जमिनीवर ठेवली. वाकली. पदराचं टोक घेऊन त्याच्या तोंडावरची धूळ पुसली, कपाळापासून हनुवटीपर्यंत, हळू. पदराला लसणाचा आणि हळदीचा वास होता.

उजव्या हाताखाली काहीतरी गार, गोल होतं. तार मनगटाला टोचत होती.

त्याला खाली बघायचं होतं. पण ज्ञानूनं सांगितलं होतं. समोर बघ. हलायचं न्हाई.